कुसुमचं पोहणं

गेल्या महिन्यात टेंभुर्णीहून कुसुमच्या सुनेचा फोन आला. "मावशी, आई गेल्या... सकाळी चहा घेतला, आडव्या झाल्या, तेवढंच." डोळे भरून आले, पण आतून हसूही येत होतं. जिचं काळीज कच्चं म्हणून कोवळ्या वयातच सगळ्यांनी आशा सोडली होती, ती माझी मावसबहीण नव्वदी गाठून, पणतू खेळवून गेली.

निजामाच्या राजवटीचे ते शेवटचे दिवस. परतूरजवळच्या गावात आमची घरं एकाच गल्लीत. कुसुम चौदा वर्षांची, मीही तेवढीच. सांधे सुजवणारा ताप तिच्या अंगात महिनाभर राहिला. जालन्याच्या हकीमसाहेबांनी सांगितलं, काळजाला त्रास झालाय, आराम द्या. मावशीची, म्हणजे कुसुमच्या आईची, थोरली लेक तापातच गेली होती. म्हणून मावशीनं कुसुमला खाटेवर बसवलं ते वर्षभर उठूच दिलं नाही. आम्ही अंगणात फुगड्या घालायचो आणि कोण हरलं ते कुसुम खाटेवरून सांगायची. पुढंपुढं न्हाणीपर्यंत चाललं तरी तिला धाप लागायला लागली. मावशीनं घाबरून पुन्हा जालना गाठलं. हकीमसाहेबांनी बराच वेळ नाडी धरली. "दिल अब दुरुस्त है, अम्मा. बिठा के रखे तो कमजोरीच रहती. आहिस्ता आहिस्ता चलने दो."

"त्यांचं काय जातंय सांगायला," मावशी घरी येऊन म्हणाली, आणि खाट जागची हलली नाही.

मग कुसुमनंच मनावर घेतलं. दुपारी मावशीचा डोळा लागला की ती माझ्यासोबत बाहेर पडायची. आधी वेशीपर्यंत, मग ओढ्यापर्यंत, दम लागला की बसत बसत. उन्हाळ्यापर्यंत ती मळ्यातल्या विहिरीवर पोचली. तिथं आम्ही मुली पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायचो. एका दुपारी तीही उतरली. विहिरीच्या मधोमध गेली आणि भोपळ्याची दोरी सुटली... मी पायरीवरून झेप घेणार तोच वरून कुणीतरी धप्पकन पाण्यात पडलं. मावशी होती. खाट रिकामी बघून ती शोधत आली होती. गुडघाभर पाण्यातही तिला आम्ही कधी बघितलं नव्हतं. तिनं कुसुमच्या पाठीखाली हात घातला.

"उताणी पड. हातपाय झाडू नको. मी हाय ना... दम घे सावकाश."

कुसुम तरंगली. पायरीवर आल्यावर मावशीनं तिच्या छातीवर तळवा ठेवला. आम्ही बोलणी खायच्या तयारीनं उभ्या.

"बराबर चालू राह्यलंय," एवढंच ती म्हणाली.

"आई, तुला पोहता येतं?"

"माहेरी रोज पोहायचे. हितं कुणी इचारलंच न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून मावशीच आम्हाला हाका मारून विहिरीवर न्यायला लागली. पावसाळ्याआधी कुसुम भोपळ्याशिवाय फेऱ्या मारू लागली. पुढं टेंभुर्णीचे पाहुणे तिला बघायला आले आणि त्यांनी दबकत काळजाचं विचारलं, तेव्हा मावशी म्हणाली, "मंग सकाळी विहिरीवर या."

सासरच्या विहिरीत कुसुमनं गल्लीतल्या कितीतरी मुलींना पोहायला शिकवलं. अलीकडं तिला उतरवत नव्हतं, तरी रोज सकाळी ती वरच्या पायरीवर बसून असायची. दिवसकार्य उरकल्यावर मी त्या विहिरीवर गेले. मुली आल्या होत्या. त्यांचे कोरडे कपडे काठावर पसरलेले. वरची पायरी तेवढी मोकळी. मी बाजूला उभी राहिले, तर कुसुमची नात म्हणाली,

"आज्जी, तिथं बसा ना. कुणी बसल्याबिगर आम्ही उतरत न्हाई."

मी बसले. एकेक पोरगी पाण्यात उडी घेऊ लागली.