एक कोरी ओळ

गजभियेकाका टाइप करताना न पटलेलं वाक्य गाळायचे. गुपचूप नाही. तेवढी एक ओळ कोरी सोडायची आणि पुढे चालू. कागद हातात देताना त्या जागेवर बोट ठेवून विचारायचे, ‘‘तुम्ही होते का तिथं?’’

मी बहुधा नसायचोच. खराडीतल्या कंपनीत दिवसभर परदेशी बँकेचे प्रोग्रॅम लिहिणारा मी कथांमध्ये मात्र दरोडेखोर, कोळी आणि एक विधवा जमीनदारीण सांभाळत होतो. कंप्युटरवर मराठी उमटवलं की संपादकांकडे नुसते चौकोन पोचायचे. हातानं लिहून पाठवलं तर एकांनी कळवलं, ‘अक्षर लागलं असतं, तर कथा नाकारण्याचं समाधान तरी मिळालं असतं.’ म्हणून मी धायरीत काकांचं दार गाठलं. मूळचे नागपूरचे, सरकारी कचेरीतून टंकलेखक म्हणून निवृत्त झालेले. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी दिवंगत पत्नीचा, शांताबाईंचा फोटो, आणि समोर टाइपरायटर.

‘‘या कंप्युटरवाले, आज कोणाला मारलं?’’ ते विचारायचे. माझ्या कथेत शेवटी कुणीतरी मरायचंच. ‘‘मारा, पण आधी जेवू तरी घाला. सात पानं झाली, काहून उपाशी ठेवलं बिचाऱ्याले?’’

एकदा चहा गाळता गाळता त्यांनी शांताबाईंचं सांगितलं. त्या दवाखान्यात होत्या आणि साहेबांनी तातडीचा अहवाल टाइप करायला काकांना बोलावून घेतलं. ‘‘तीनच पानं होती. ती म्हणाली, या उरकून. परत आलो तर खाट रिकामी.’’ शेवटी ती काय बोलली, हे सांगायला कुणी नव्हतं. ‘‘जन्मभर लोकांची वाक्यं बडवली, पण तेवढं एक माझ्याकडं नाही.’’

भल्या माणसानं यावर गप्प बसायचं असतं. मी घरी जाऊन कथा लिहिली. कडी म्हणजे, ती त्यांनाच टाइप करायला दिली. ओळखू येऊ नये म्हणून नावं बदलली होती आणि अहवालाची पानं तिनाची चार केली होती.

त्यांनी सगळी कथा टाइप केली. एकच ओळ कोरी होती. मरणाऱ्या बायकोच्या तोंडी मी वाक्य घातलं होतं, ‘झालं का हो त्यांचं टाइप करून?’ तेच नेमकं नव्हतं. या वेळी त्यांनी बोट ठेवलं नाही, विचारलंही नाही. मशीनवर कव्हर चढवलं आणि म्हणाले, ‘‘दूध संपलंय.’’

दिवाळी अंकाकडे कथा द्यायचा तो शेवटचा दिवस होता. बसस्टॉपवर उभ्या उभ्या मी त्या कोऱ्या जागेत ते वाक्य पेनानं लिहून टाकलं.

कथा छापून आली. माझी पहिली. भेटेल तो त्याच वाक्याचं कौतुक करायचा. मी फुशारून अंक घेऊन धायरीला गेलो. काका वाचत वाचत त्या ओळीशी थांबले. आता बोट येणार म्हणून मी अंग चोरून बसलो. त्यांनी हळूच विचारलं, ‘‘विचारलं असेल का हो तिनं, खरंच?’’

मी तिथं नव्हतो, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, ‘‘विचारलं असेल, काका.’’

माझं एखादं वाक्य त्यांना इतकं पटल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. पुढे दर भेटीत विचारू लागले, ‘‘आवाज कसा होता तिचा? चिडून विचारलं, का सहज?’’ मी जाणं कमी केलं. ऑफिसात फार काम आहे, असं सांगायचो.

काका गेल्याचा त्यांच्या मुलीचा, वैशालीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातच होतो. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. मशीनवरचं कव्हर काढलेलं होतं. रोलरवर कागद चढवलेला, कोरा.

‘‘शेवटचे दोन दिवस आईशीच बोलत होते,’’ वैशाली म्हणाली. ‘‘सारखं एकच. ‘नाही झालं अजून, शांता. एक ओळ राहिलीय.’ तुमचंच काम करायचे ना ते? कुठली ओळ, तुम्हाला काही माहितीय?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो.