त्रिंबकचं बोट

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि ज्यांचा आहे त्यांच्याशी वाद घालायला आता दम पुरत नाही. पण छबुबाईविषयी लिहायचं तर सगळंच लिहावं लागेल. उमापूरच्या अलीकडे आमची वाडी. तिचं घर आमच्या घराला लागून, मधे एकच भिंत.

तिचा नवरा त्रिंबक दुसऱ्या महायुद्धात मुंबईला गेला आणि फौजेच्या जहाजावर आगवाला म्हणून लागला. आगवाला म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा. ते जहाज आधी हाजी लोकांना न्यायचं. लढाई पेटल्यावर सरकारने त्याला राखेचा रंग फासला आणि आत पलटणी भरल्या. बसऱ्याला जवान उतरवायचे, येताना जखमी असले तर आणायचे, हेच त्याचं काम. पुढे चितगावकडेही फेऱ्या सुरू झाल्या.

रजेवर तो एकदाच आला, नारायणगडाच्या यात्रेला. माझे वडील विठ्ठलराव सांगायचे, अख्खी वाडी त्याच्याभोवती बसली होती.

"दिस मावळला की काडी वढायची न्हाई," तो म्हणाला. "बिडी न्हाई, कंदील न्हाई. पानबुडी टपून आसती. हजारभर मानूस आंधारात निस्तं श्वास घेतंय, त्यो आवाज खाली भट्टीपाशी येतो." मग जरा थांबून म्हणाला, "पलटन उतरवून रिकामं जहाज परत आनताना बी येतो."

कोणी हसलं नाही. छबुबाई त्याला नोकरी सोडा म्हणाली, तर तो म्हणाला, फौजेचं काम असं मधेच सोडता येत नाही. आणि गेला.

पुढल्या वर्षी निरोप आला. आमच्याच वाडीचा शहादेव मुंबईच्या गोदीत हमाल होता. त्याने गेवराईच्या बाजाराला येणाऱ्या एकाजवळ सांगून धाडलं, "त्रिंबकची बोट गेली." मुंबईत जहाजाला बोट म्हणतात. आमच्याकडे तेव्हा निजामाचं राज्य, जहाजाला जहाजच म्हणायचे. बोट म्हणजे हाताला असतं ते. बोट कधी 'गेली' असते का? निरोप्यांनी आपापल्या परीने व्याकरण सुधारलं, आणि छबुबाईच्या उंबऱ्याशी पोचलं ते असं: त्रिंबकचं बोट गेलं.

ती रडली, पण बोटापुरतीच. मग डोळे पुसून म्हणाली, "एकच गेलं ना? नऊ हायत की." कपिलधारला जाऊन नारळ फोडून आली.

महिन्याभराने शहादेव स्वतः आला तेव्हा घोळ कळला. जहाज बुडालं होतं. भट्टीजवळचं कोणीही वर आलं नव्हतं. वडिलांनी त्याला चावडीवरच अडवलं. "सांगू नको बे. कुंकू तरी राहू दे तिच्या कपाळाला." पुढे आज सांगू, उद्या सांगू करत तीस वर्षं निघून गेली. दयाळू माणसं किती निर्लज्ज होऊ शकतात, ते मी आमच्या चावडीत पाहिलं. छबुबाई रोज ठसठशीत कुंकू लावून समोरून जायची आणि सगळे पायाच्या अंगठ्याकडे बघत बसायचे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. वडील तेव्हा सोसायटीचे चेअरमन. सोसायटीच्या गोदामातून लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, वाटायचा आणि माळावर खडी फोडायचं काम चालायचं. छबुबाई कामावरच्या लोकांना सुकडी, म्हणजे सरकारी खाऊची गोड भुकटी, वाढायची. एका दुपारी रांगेत एक परका म्हातारा उभा राहिला. सुकडीसाठी त्याने हात पुढे केला, तर त्या हाताला चारच बोटं.

तिची वाटी तशीच राहिली. तिने डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हणाली, "घरी चला." तो मुकाट तिच्यामागे गेला.

वाडीत चर्चेला ऊत आला. तोंडवळा तोच, म्हणणारे होते. छे, म्हणणारेही होते. म्हातारा कोणाशी बोलत नसे. दिवस कलला की छबुबाईच्या घरात चूल विझायची आणि दिवा लागायचा नाही. जहाजाची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली, तेव्हा कोणी म्हाताऱ्याला शिकवलंही असेल, असं मी म्हणायचो. पण एका सकाळी तिच्याकडे विस्तव मागायला गेलो, तर म्हातारा निजायचा तेवढीच जमीन ओली होती. गावात पिण्याचं पाणी गाडीवरच्या टिपाडातून यायचं, लोक आंघोळ विसरले होते. त्या ओलीवर मिठासारखं पांढरं धरलं होतं. घाम असेल, असं स्वतःला सांगत मी विस्तव न घेताच परतलो. मला भीती वाटली होती.

वडिलांना अन्न गोड लागेना. आमच्या गप्प बसण्यामुळे तिने परका पुरुष घरात घेतला, हे त्यांना सहन होईना. त्यांनी शहादेवला बोलावून घेतलं. आता तोही म्हातारा झाला होता. दिवेलागणीला आम्ही तिघं तिच्या ओसरीवर गेलो. आत अंधार होता. कोणीतरी सावकाश भाकरी चावत होतं.

शहादेवने हात जोडले. "वहिनी, बोट गेलं न्हवतं. जहाज बुडालं व्हतं. त्रिंबक तवाच गेला."

"ठावं हाय," छबुबाई म्हणाली.

"कुनी सांगितलं?" वडिलांनी विचारलं.

"ह्यांनीच. आले त्याच दिशी. म्हन्ले, छबू, मी बुडालो. म्या म्हन्लं, आसंल. आदी जेवून घ्या."

आतलं चावणं थांबलं.

"विठ्ठलभाऊजी," ती शांतपणे म्हणाली, "मेलेला मानूस खरं बोलला. तुमी तर जित्ते व्हता. तुमी कावून न्हाई बोलला?"

वडील खाली बसले. ती दुसरी भाकरी वाढायला आत गेली.