मामांची जीभ

आमच्या भागात द्राक्षं तोडायची की थांबायचं, हे मामा ठरवतात. मणी तोंडात टाकतात, बी चावतात आणि गिळायच्या आधीच म्हणतात, “बिलकुल कच्चं हाय.” त्यांचा शब्द कधी चुकला नाही, म्हणून सगळे बागवाले त्यांना टरकून असतात.

परवा संध्याकाळी माझ्या लेकीनं फ्रान्सहून आणलेली लाल वाइन मी त्यांच्यापुढे ठेवली. अजून कोवळी आहे, पंधरा वर्षांनी खरी चव येईल, असं ती म्हणाली होती. मी घोट घेतला तर तुरटपणानं तोंड आवळून आलं.

मामांनीही घोट घेतला आणि बी चावावी तसा चावला. चेहरा हलला नाही. दुसऱ्या घोटालाही नाही.

मग माझ्या तोंडाकडे निरखून बघत ते हळूच म्हणाले, “तुरट हाय ना, मास्तर?”

“हो, मामा.”

“मंग ठिवा जपून. वखत लागंल तिला.”

मी ग्लास खाली ठेवला. त्याच दिवशी सकाळी माझ्या बागेतला मणी चावूनही त्यांनी आधी मलाच विचारलं होतं, “गोड हाय ना?” मी न चाखताच हो म्हणालो होतो. अर्धी बाग तोडून झाली होती.