ऊ फो थिनची भीड

ब्रह्मदेशातल्या आमच्या पथेन गावात भिडस्त माणसांची वाण नाही, पण ऊ फो थिनची गोष्टच वेगळी. तो सायकलरिक्षा चालवतो. एकदा एका गिऱ्हाइकानं त्याला ठामपणे चुकीचा रस्ता सांगितला. त्या माणसाला वाईट वाटेल म्हणून हा दोन मैल त्याच रस्त्यानं गेला. रस्ता भातखाचरात संपला, तेव्हा म्हणाला, "इथून नदीचा वारा मात्र झकास येतो."

अशा माणसानं आपल्या आईच्या वर्षश्राद्धाला विहारातल्या पाच भिक्षूंना जेवण घालायचं ठरवलं होतं. म्हातारीनं जाताना एवढंच मागितलं होतं. भिक्षू बारानंतर घास तोंडात घालत नाहीत, आणि देणाऱ्यानं आपल्या हातानं ताट पुढं करायचं असतं. म्हणजे साडेअकराला फो थिन विहारात हवा. त्याला एरवी घाई म्हणून कधी नसते. आयुष्यात पहिल्यांदा त्याला घड्याळाचं काम पडलं होतं.

त्या सकाळी तो रेशमी लुंगी, पांढरं जाकीट आणि डोक्याला गुलाबी फेटा अशा थाटात रिक्षा घेऊन बाजारात गेला. बुद्धापुढं वाहायला फुलं आणायची होती. परतताना धक्क्यापाशी जरा थांबला, तेवढ्यात एक गोरी पोरगी येऊन बाजूच्या आसनावर बसली. नाव इनेस, गाव पोर्तुगालमधलं, धंदा शाळामास्तरणीचा. ब्रह्मदेशात ती पहिल्यांदाच आली होती आणि त्यासाठी सहा महिने पुस्तकातून आमची भाषा शिकली होती.

"आजोबा, रिक्षा मोकळी आहे ना?"

"आहे की!" फो थिन म्हणाला. त्याच्या तोंडून दुसरं काही निघणंच शक्य नव्हतं.

"तुम्हाला वेळ आहे?"

"भरपूर!"

मग तिला फुलं दिसली. "माझ्यासाठी?" असं म्हणून तिनं जाईचा गजरा केसात माळलाही. फो थिननं मान डोलावली आणि गुपचूप परत बाजाराकडं वळून दुसरी फुलं घेतली. पोरीला वाटलं, तिला बाजार दाखवायला आणलंय.

साडेनऊला ही स्वारी पथेनच्या छत्र्या बघायला माझ्या कारखान्यात आली. मी त्याच जेवणाला जायला नवी लुंगी नेसत होतो. फो थिनचा चेहरा पाहिला आणि सगळं कळलं. पण मीही पथेनचाच. पाहुणीसमोर 'अरे, तुला जायचंय ना?' कसं म्हणणार? तिला वाटायचं, आपण अडचण केली. म्हणून मी बांबू, तेलाचा कागद, छत्रीचे दांडे कातायचं चाक असं सगळं दाखवलं, आणि वर चहा मांडला, आंबवलेल्या चहाच्या पानांचं लफे मांडलं, भाजलेले शेंगदाणे मांडले.

पोरगी वहीत लिहीत होती. "इथले रिक्षावाले रोज रेशीम नेसतात," ती कौतुकानं म्हणाली. "आमच्याकडे टॅक्सीवालेसुद्धा साध्या शर्टावर असतात!"

"आवड असते एकेकाची," मी म्हणालो.

"फो थिन," मी थोड्या वेळानं आभाळाकडं बघत सुचवलं, "सावली फार आखडली रे आज."

"ऊन बरं पडलंय," तो म्हणाला आणि तिच्या पुढ्यात आणखी शेंगदाणे सरकवले.

साडेदहा झाले. पोरगी चौथा कप पीत होती. ती उठत नाही, हा हात जोडून निरोप घेत नाही. मी मनात म्हातारीची माफी मागितली.

तेवढ्यात फाटकातून त्याची बायको दॉ ओन चि आत आली. बाईची जीभ म्हणजे आमच्या गल्लीची कात्री. मी म्हटलं, सुटलो! ती आली, नवऱ्याकडं एक नजर टाकली, पोरीकडं बघितलं, आणि गोड हसून म्हणाली, "पोरी, जेवलीस का?"

"जेवले, आभारी आहे!" पोरगी म्हणाली. पुस्तकात तसंच उत्तर दिलं होतं.

संपलं. 'नाही' म्हणाली असती तर 'मग चल आमच्याबरोबर' म्हणता आलं असतं. ओन चिही बसली. मी तिला चहा दिला. घड्याळात अकराला पाच कमी.

मग फो थिन उभा राहिला. फेटा सारखा केला. घसा खाकरला, पुन्हा खाकरला.

"पोरी," तो म्हणाला, "मला... आता... जायचंय. माझ्या आईच्या नावानं विहारात भिक्षूंना जेवण आहे. तू... रिक्षा सोड. नको, सोडू नकोस. म्हणजे..."

एवढं बोलून तो मटकन खाली बसला, जणू कुणाचा खून केला होता.

पोरीनं वही मिटली. "देवा!" ती म्हणाली. "मला तासाभरापासून संडासला जायचंय! पुस्तकात लिहिलंय, यजमान चहा देतात तोवर उठू नये, त्यांना वाईट वाटतं. मला वाटलं, तुम्हाला मी हवीय!"

"अगं, सांगायचं की!" ओन चि खेकसली. आता तिची जीभ परत आली होती. "आणि तुम्ही दोघं बाप्ये! घड्याळाकडं बघत माशा मारत होतात!"

"तूसुद्धा बसलीस की," मी म्हणालो.

"तुम्ही चहा दिलात म्हणून!"

पोरगी परसात जाऊन आली. एका आसनावर ओन चि, पाठीला पाठ लावून इनेस, मांडीवर फुलं, आणि फो थिन असा पायडल मारत सुटला की त्याचा फेटा पहिल्याच वळणावर माझ्या हाती आला. मी सायकलवरून मागं होतो.

अकरा पस्तीसला विहार. भिक्षू रांगेत बसलेले, विहाराचे थोरले भिक्षू सयाडो डोळे मिटून. फो थिननं आपल्या हातानं ताटं पुढं केली. भात, कोळंबीचा रस्सा, फणसाची भाजी. बाराच्या ठोक्याआधी जेवणं झाली आणि पाणी सोडण्याची वेळ आली. फो थिननं सुरई धरली, थेंब थेंब वाटीत सोडू लागला.

"हे पुण्य माझ्या आईला मिळो," तो म्हणाला. "आणि त्या पोरीलाही मिळो, जिला आज मी घालवून दिलं. फार कठोर बोललो तिला. आणि..."

"दात्या," सयाडो डोळे न उघडता म्हणाले, "तुझी आई ऐकतेय. तू फक्त पाणी ओत."

सगळ्यांनी 'साधू, साधू, साधू' म्हटलं. पाठीमागं बसलेल्या इनेसनं सगळ्यांत मोठ्यानं.