बर्फ कमी आहे

“भाताला नाक लावलं की बाई कुठल्या घरातून आलीय ते कळतं,” असं दादा एकदा म्हणाले होते. एकदाच म्हणाले, पण तो धाकटीचा सुशीच्या दुकानातला तिसरा दिवस होता आणि काउंटरच्या नऊच्या नऊ खुर्च्या भरलेल्या होत्या.

भात तिनं केला होता. लाकडाच्या पसरट टोपात काढून, साखर-मीठ विरघळवलेलं व्हिनेगर शिंपडून, एका हातानं उलथणं आणि दुसऱ्या हातानं पुठ्ठ्याचा पंखा चालवत तिनं तो अंगाच्या उबेइतका निववला होता. दादा टोपावर वाकले, श्वास आत ओढला, डोळे मिटले, आणि ते वाक्य बोलले. गिऱ्हाइकं हसली. तिचा नवरा, म्हणजे दादांचा धाकटा भाऊ, तोही हसला, हातातली सुरी न थांबवता. तिला वाटलं, माहेरची ओल धरलेली भिंत, मोरी, आईच्या औषधांची पेटी, सगळं त्या भातात उतरलं असेल आणि या माणसाला ते कळलं असेल. ती मागच्या बाजूला गेली आणि कोपरापर्यंत हात साबणानं धुतले.

पुढची एकोणीस वर्षं ती हात धूतच होती.

दादा सोळाव्या वर्षी मासळी बाजारात बर्फ वाहायला लागले. बाप नव्हता, धाकटा सात वर्षांचा होता. एका पहाटे चाळीस पेट्यांच्या थप्पीसमोर थांबून ते म्हणाले, खालून तिसरी पेटी नासलेली आहे. काढून बघितली, तर होती. त्या दिवशी त्यांच्या पाठीवरचा बर्फ उतरला तो कायमचा, आणि बाजारानं त्यांना ‘नाक’ म्हणायला सुरुवात केली. पुढे त्यांनी धाकट्याला एका सुशीवाल्याच्या हाताखाली ठेवलं. त्याच्या हातात सुरी बसली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी, शिंपी आणि चाव्या बनवणारा यांच्या मधल्या बोळवजा जागेत दुकान उघडलं. धाकटा कापणार, भाताला बाई लागणार म्हणून त्याचं लग्न. दादा पहाटे मासा आणणार आणि दिवसभर दाराजवळच्या स्टुलावर बसणार.

लोक सुशी खायला यायचे आणि नाक बघायला. आत पाऊल टाकणाऱ्याला दादा सोडत नसत. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याला म्हणायचे, “आज आंघोळीला बुट्टी का रे?” निवृत्त मास्तरीणबाईंना म्हणायचे, “बाई, दूध उतू घालवून आलात.” आपला पाणउतारा झाला की माणसं ओशाळून बसायची आणि शेजारच्याची पाळी यायची वाट बघायची. ती आली की त्यांच्या घशाखाली घास जास्त चवीनं उतरायचा. अशी ती गोडी होती.

दादांना स्वतःलाही एक बायको होती. दोन वर्षं होती. एक दिवस ती बाहेरून आली तेव्हा शेजारपाजारच्यांच्या देखत ते म्हणाले, हिच्या अंगाला आपल्या घरचा साबण नाही. ती बहिणीकडे गेली होती, तिथेच अंग धुतलं होतं. तिनं तसं सांगितलंही. पण नाक बोलल्यावर तोंडाला कोण विचारतो. ती बहिणीकडेच परत गेली आणि पुन्हा कुणाला दिसली नाही. दादांनी हे सगळं धाकटीला सांगितलं होतं, अभिमानानं, कालवं उघडता उघडता.

चार महिन्यांपूर्वी दादांना ताप आला. बारा दिवस पडून होते. तेराव्या दिवशी दुकानात आले, शेगडीला टेकून चहा घेत उभे राहिले. त्यांच्या कोपरापाशी फडकं शेगडीच्या कडेला लागलं होतं आणि जळत होतं. जळक्या कापडाचा वास मोरीपर्यंत गेला होता. धाकटी धावत आली. दादा निवांत फुर्रकन चहा ओढत होते. तिनं फडकं ओढून पाण्यात टाकलं, तेव्हा वाफ बघून ते म्हणाले, “हे कसलं?”

तिनं त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं.

दुसऱ्या सकाळी माशांची पेटी धाकट्याच्या पाटावर न ठेवता त्यांनी तिच्यासमोर ठेवली. “बर्फ नीट आहे का बघ जरा.”

आख्खा मासा त्यांना अजून वाचता येत होता. डोळा फुगीर आहे का, कल्ले लाल आहेत का, बोट दाबलं की मांस वर येतं का. पण विकणारे कल्ले धुऊन आणतात, आणि सोललेल्या माकुळाला ना डोळा ना कल्ला. तिनं पेटीवर वाकून वास घेतला. माकूळ गेलेलं होतं.

“बर्फ कमी आहे,” ती म्हणाली.

दादांनी लगेच पेटीत नाक घातलं, शिवी हासडली, आणि धाकट्याला ऐकू जाईल अशा आवाजात विकणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. माकूळ फेकलं गेलं. तेव्हापासून रोज सकाळी तेच. माल चांगला असला की ती म्हणायची, “बर्फ ठीक आहे.” खराब असला की, “बर्फ कमी आहे.” चार महिने दुकान तिच्या नाकावर चाललं आणि कौतुक दादांच्या नाकाचं होत राहिलं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट मनात कुठेतरी वाटलं, आता हा माणूस आपल्या भाताला बोलणार नाही. कुठल्या तोंडानं बोलेल?

तो बोलला. गेल्या मंगळवारी, भर दुपारी, सगळ्या खुर्च्या भरलेल्या असताना दादा स्टुलावरून उठले, टोपावर वाकले, डोळे मिटले, श्वास ओढला. सगळं अगदी तसंच. म्हणाले, “हा भात? याला तर ओल्या पोतेऱ्याचा वास येतोय. बाई, खळ करायला घेतली होतीस का?” आणि टोप उचलून मोरीत पालथा केला. “एक तारखेपासून भाताला दुसरं माणूस बघतो. ही मागे भांडी घासेल.”

गिऱ्हाइकं हसली. धाकट्यानं मान हलवली.

ती मोरीसमोर उभी राहून त्या पांढऱ्या ढिगाकडे बघत होती. त्याला चांगला वास येत होता. व्हिनेगरचा, तांदळाचा, गरम लाकडाचा. ज्याला वास येतच नाही त्यानं आज हे म्हटलं. मग एकोणीस वर्षं सगळ्यांना काय म्हणत होता? त्याला तेव्हा येत होता का? की तेव्हाही असेच डोळे मिटायचे, श्वास ओढायचा, आणि जे तोंडाला येईल ते? हा विचार एकदा आत शिरला आणि मग बाहेर पडेना. अंगावरचं कातडं एकोणीस वर्षं घासलं, आणि ते मुळात स्वच्छच असलं तर?

त्याच दुपारी, दार ओढून घेतल्यावर, तिनं नवऱ्याला सांगितलं.

“दादांना वास येत नाही.”

“काय?”

“ताप आला तेव्हापासून. मी वास घेते आणि त्यांना कळवते.”

“तोंड आवर. त्या नाकावर आपण जेवतोय.”

“चार महिने माझ्या नाकावर जेवतोय आपण.”

तो सुरी धूत राहिला. धुतलेली सुरी पुन्हा धुतली. “भातावरून काढलं म्हणून बोलतेस तू.”

“म्हणूनच बोलतेय. नाहीतर कशाला बोलले असते?” ती म्हणाली. “रविवारी त्यांना साठ पूर्ण होतात. काउंटरवर बसवा, चार माणसांत. दोन तुकडे ठेवा. सांगा, एक आजचा, एक तीन दिवसांचा. आणि दोन्ही कापा एकाच माशाचे.”

“दादा सांगेल, दोन्ही एकच आहेत म्हणून.”

“सांगू देत. मग मी जन्मभर भांडी घासते. एक अक्षर बोलणार नाही.”

कळवते म्हणजे कसं कळवते, ते त्यानं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

रविवारी दुपारी दादा आयुष्यात पहिल्यांदा काउंटरच्या पुढच्या बाजूला बसले. मधल्या खुर्चीवर, इस्त्रीचा शर्ट घालून. एका बाजूला घड्याळवाला, दुसऱ्या बाजूला मास्तरीणबाई. धाकट्यानं सकाळची तांबोशी काढली. दादांनीच निवडून आणलेली, टपोऱ्या डोळ्यांची. त्यानं पातळ काप काढून भाताच्या लहान लहान मुटक्यांवर ठेवले आणि एकेक पुढे सरकवला. दादा खात होते, मान डोलवत होते. जिभेला नुसतं मऊ आणि गार एवढंच कळत असणार, पण चेहऱ्यावर सगळी चव हजर होती.

धाकटी टोपापाशी पंखा हलवत उभी होती. तिनं मनाशी एक ठरवलं होतं. आज एक चांगला शब्द निघाला, कसाही, चुकूनही, तरी आपण गप्प बसायचं. मग जे व्हायचं ते होऊ दे.

“काय सुरी चालते हो तुमच्या भावाची!” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“मी शिकायला घातला त्याला,” दादा म्हणाले.

“आणि भात? भातही कसा सुटसुटीत झालाय नाही?”

धाकटीचा पंखा थांबला.

“भाताचं काय घेऊन बसलात, बाई!” दादा म्हणाले. “माशाला पडायला गादी लागते. कशी का असेना.”

घड्याळवाला इतका हसला की त्याला ठसका लागला. पंखा पुन्हा सुरू झाला.

धाकट्यानं लाकडी फळीवर दोन तुकडे ठेवले. डावीकडे एक, उजवीकडे एक. “दादा, एक गंमत. यातला एक आजचा आहे, एक तीन दिवसांचा. ओळख.”

“अरे, हे काय विचारणं झालं?” घड्याळवाला ओरडला. “झोपेत सांगतील ते!”

दादा हसले. हसू ओठांवर राहिलं आणि वरचा चेहरा रिकामा झाला. समोर दोन गुलाबी काप होते. त्यांना डोळे नव्हते, कल्ले नव्हते. सावकाश हात पुसत त्यांनी वेळ काढला. मग मान वर करून त्यांनी तिच्याकडे बघितलं. साठ वर्षांच्या त्या माणसाच्या डोळ्यांत एखाद्या आजाऱ्याची अजीजी होती, आणि ती फक्त तिलाच दिसली.

ते डाव्या तुकड्यावर वाकले. डोळे मिटले. श्वास ओढला.

“अहो,” धाकटी नवऱ्याला म्हणाली, रोजच्या आवाजात, “बर्फ कमी आहे हं आज.”

दादांचा जीव भांड्यात पडला. खांदे खाली आले. डोळे उघडताना त्यांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं एकोणीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं. मग तो तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि कपाळाला आठ्या घालून रुमालात थुंकला.

“शी! तीन दिवस? चार म्हण चार! अरे, हा कुत्र्यापुढे टाकलास तर कुत्रं चावेल तुला.” उजवा तुकडा नाकाशी धरून ते खुशीत म्हणाले, “आणि हा आजचा. याला अजून समुद्राचा वास आहे.” तो त्यांनी मिटक्या मारत खाल्ला.

मास्तरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. धाकट्यानं वाजवल्या नाहीत. त्यानं सुरी आडवी ठेवली आणि दोन्ही हात पाटावर टेकले.

“दोन्ही एकाच माशाचे होते, दादा,” तो म्हणाला. “तू सकाळी आणलास त्याचे. शेजारशेजारचे काप.”

“काय गंमत करता हो,” मास्तरीणबाई म्हणाल्या. धाकट्यानं पाटावरची तांबोशी फिरवून दाखवली. एकच मासा, एकच कापलेली बाजू. घड्याळवाल्यानं रुमालातल्या घासाकडे बघितलं, मग दादांच्या तोंडाकडे. आधी त्याला कळेना, आणि कळलं तेव्हा हसू आवरेना. “म्हणजे आमच्या आंघोळीचं ते...” एवढंच म्हणून तो खुर्चीत मागे कलला. मास्तरीणबाईंच्या गालांवर लाली चढत होती, इतक्या वर्षांच्या उतू गेलेल्या दुधाची.

दादा धाकटीकडे बघत होते. तोंड अर्धवट उघडलं होतं. हिनं सांगितलं, एवढेच दोन शब्द होते. पण ते उच्चारले की पुढचा प्रश्न आलाच असता, तुम्हाला सांगावं का लागलं? ती पंखा हलवत होती आणि त्यांच्याकडे सरळ बघत होती. तिनं तो प्रश्न त्यांच्यासाठी चार महिने सांभाळून ठेवला होता. त्यांनी तोंड मिटलं.

“उद्यापासून बाजारात ही जाईल,” धाकटा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. मग तो काउंटरवरून पुढे वाकला, सात वर्षांचा असताना वाकला असेल तसा. “दादा, आधी तरी वास येत होता ना रे? कधी तरी येत होता ना?”

धाकटीचा हात थांबला. घड्याळवाला खुर्चीत सरळ बसला. तिला आता दुसरं काही नको होतं, बाजार नको, भात नको. फक्त हो की नाही एवढं त्या तोंडातून ऐकायचं होतं. तिनं टोपाची कड धरली आणि ती वाट बघत राहिली.

दादांनी रुमालाची घडी घातली, घास आत ठेवून. ती फळीच्या कडेला नीट सरळ लावली. खुर्ची मागे सरकवून उठले. त्यांनी धाकट्याकडे बघितलं नाही. तिच्याकडे मात्र बघितलं, चांगलं सावकाश, आणि ती कशाची वाट बघतेय हे त्यांना कळलं, हे तिला दिसलं. मग त्यांनी दार सरकवलं आणि ते बाहेर पडले.