लेबल बदलणार नाही

माझी बायको रक्त काढते. एकवीस वर्षं एकाच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, त्याच खुर्चीसमोर. ती जाड आहे. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण तिच्याबद्दल बोलताना लोक तेवढंच सांगतात. पाठीमागे कुणी 'पिंप' म्हणालं की ती गर्रकन वळते, "जाडी आहे मी, बहिरी नाही."

तिची कामाची एक पद्धत आहे. नळी भरली की पेशंट समोर असतानाच लेबल चिकटवायचं आणि त्याच्याकडूनच नाव मोठ्यानं वाचून घ्यायचं. मग तो मंत्री असो नाहीतर माळी. बाकीचे पाच-सहा नळ्या भरून मग एकदम लेबलं लावतात. तिला ते बघवत नाही.

गेल्या वर्षी तिथे एक अभ्यास सुरू झाला. अंगावरची चरबी नुसती साठून राहत नाही, संप्रेरकंही सोडते, आणि त्यातलं एक रक्तवाहिन्यांना सांभाळतं म्हणे. गंमत म्हणजे जाड माणसांत ते सहसा कमीच सापडतं. ते कमी झालं तर हृदयरोगाची आगाऊ चाहूल लागते का, हे पाहायचं होतं. माणसं कमी पडली म्हणून कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांनाही बोलावलं. मी ऐटीत गेलो. रोज सकाळी पाच किलोमीटर पळणारा, कॉलेजातली पँट अजून घालणारा माणूस मी!

निकाल आले. तिचं संप्रेरक भरपूर, माझं पार तळाला. विभागप्रमुख हसले.

"बाई, नळ्यांची अदलाबदल झालीय. लेबलं बदला."

"नाही बदलणार. शंका असेल तर पुन्हा रक्त घ्या."

"एवढ्यासाठी नवं किट फोडू? अहो, स्वतःकडे बघा आणि त्यांच्याकडे बघा!"

"नुसतं बघून कळलं असतं तर तपासणी कशाला केली, साहेब?"

ऐकायचं नसेल तर दुसरी नोकरी बघा, असं ते सुनावून गेले. घरी मी त्यांचीच बाजू घेतली, याची मला आजही लाज वाटते. "चूक कुणाचीही होते. कशाला अडून बसतेस?"

ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "तुझं नाव तू स्वतः वाचलंस, माझ्यासमोर. मला खोटं पाड, चालेल. पण उद्या पळता पळता कोसळलास तर मी भांडू कुणाशी?"

एका आकड्यानं निदान होत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिनं मला हृदयाच्या डॉक्टरांकडे अक्षरशः ओढत नेलं. चढावर हल्ली छातीत दाटायचं, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सरकत्या पट्ट्यावर चालताना सहाव्या मिनिटाला डॉक्टरांनी यंत्र थांबवलं. अँजिओग्राफीत हृदयाची मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद निघाली. त्याच आठवड्यात स्टेंट बसला.

महिन्याभरानं मी तिला न्यायला प्रयोगशाळेत गेलो, तर तिच्यासमोरच्या खुर्चीत साहेब बसले होते. माझ्यासारखेच सडपातळ, बाही वर सारलेली. माफी मागणं त्यांना जमलं नव्हतं. तिनं नळी भरली, लेबल चिकटवलं आणि त्यांच्या नाकासमोर धरलं.

"मोठ्यानं वाचा," ती म्हणाली.