बुजवलेल्या पडव्या

‘छोटं पण छान घर’ हे शब्द कुठल्याही जाहिरातीत दिसले की आजही माझं डोकं तापतं. कारण एकेकाळी ते मीच म्हटले होते, एका बिल्डरच्या ऑफिसात बसून, अगदी मनापासून. त्याने ते उचलले आणि रस्त्यावरच्या फलकावर रंगवले.

एकोणीसशे नव्याण्णवच्या सुमाराला मी कोल्हापूरहून आर्किटेक्ट होऊन रत्नागिरीला परतले. वडील मालगुंडला शिक्षक, घर मोठं, अंगणापरसाचं. रत्नागिरीत मात्र भराभर बिल्डिंगी उठत होत्या आणि गावांतून नोकरीसाठी आलेली माणसं त्यांतल्या कोंदट खोल्यांत राहायला शिकत होती. जागा लहान असली की ती वाईटच असणार, असं सगळे धरून चालले होते. मला ते पटत नव्हतं.

ज्या बिल्डरकडे मी नोकरीला लागले त्यांना सगळे शेठ म्हणत. नाचणे गावाच्या बाजूला सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, त्यांची जागा होती. तिथे उठणाऱ्या बिल्डिंगीतल्या लहान घरांचं काम मी मागून घेतलं.

एकाच मापाचा खण, म्हणजे एका खोलीएवढा गाळा, मी ठरवला. एकट्या माणसाला एक खण, कुटुंबाला दोन जोडलेले. मधे भिंत नाही, सरकत्या फळ्या. उघडल्या की एक मोठी खोली, ओढल्या की दोन. भिंतीत मिटणारी कॉट. बांधकाम इथल्याच जांभ्या चिऱ्याचं. पश्चिमेला खोल छज्जा, म्हणजे पावसाची झड आत येणार नाही. आणि मागे, पूर्वेला, प्रत्येक घराला जाळीची अरुंद पडवी. कपडे तिथे वाळतील, मासळी तिथे साफ होईल, आणि समुद्राकडून आलेला वारा घरभर फिरून तिथूनच बाहेर पडेल. सगळं घर त्या पडवीच्या जिवावर उभं होतं.

शेठनी नमुन्याचं एक घर बांधून घेतलं. मी आईला तिथे नेऊन बांगडे तळायला लावले. जेवायला बसलो तर ती इकडेतिकडे बघत म्हणाली, “काय गो, धूर गेला खंय?” मला त्या दिवशी पदवी मिळाल्यासारखं वाटलं.

पहिलं घर घेतलं ते सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी. नवरा बोटीवर, दोन मुली पदरात. त्यांना सगळेच सिस्टर म्हणत. नमुन्याच्या घरातली पडवी त्यांनी पुन्हापुन्हा पाहिली आणि म्हणाल्या, “पावसात युनिफॉर्म वाळतील ना इथे? मग मला हेच हवं.”

त्यानंतर शेठनी मला देवरूखला एका मंगल कार्यालयाच्या कामावर पाठवलं. परत आले तेव्हा सड्यावरच्या बिल्डिंगीला प्लास्टर झालं होतं. मागच्या बाजूला जाऊन पाहिलं तर जाळ्यांच्या जागी सपाट भिंत, वर छताशी पुस्तकाएवढं एक भोक. आत सरकत्या फळ्याही नाहीत. मधे विटांची भिंत.

मी तशीच ऑफिसात गेले. “शेठ, पडव्या कुठे गेल्या?”

“खोलीत घेतल्या. खोली मोठी दिसते.”

“वारा कुठून जाणार बाहेर?”

“पंखा लावतील. एवढ्याशा घरात राहणाऱ्यांना वारा कसला मोजून देतेस?” असं म्हणून ते हसले. ते हसणं मी विसरलेले नाही. लहान घर घेणारा माणूस त्यांच्या लेखी माणूसच लहान होता.

पैसे भरून बसलेली माणसं तशाच घरांत राहायला आली. पुढच्या पावसाळ्यात सिस्टर माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “चल माझ्याबरोबर,” एवढंच म्हणाल्या. त्यांच्या घरात भरदिवसा दिवा लागलेला. भिंतींवर काळी बुरशी, गाद्यांना कुबट वास, दोरीवर ओले कपडे आणि त्यांच्याखाली वाकून अभ्यास करणाऱ्या मुली. सिस्टरनी दोरीवरचा पांढरा युनिफॉर्म ओढला आणि माझ्या तोंडासमोर धरला. “वास घे. हा घालून मी पेशंटजवळ जाते. बिल्डिंगीच्या बोर्डावर आर्किटेक्ट म्हणून तुझं नाव आहे.”

मला रडू आलं नाही. राग आला.

राहणाऱ्यांनी जिन्याखाली सभा बोलावली. शेठ आले, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, “डिझाइन मॅडमचं. त्यांना विचारा.”

मी उठले. “नमुन्याचं घर तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. त्यात पडवी होती. ही मागची भिंत मी घातलेली नाही. आणि ती फोडता येते. वर तुळई आहे, भिंतीवर कसलाच भार नाही.”

“तू माझ्या पगारावर आहेस,” शेठ म्हणाले.

“होते,” मी म्हटलं.

रविवारी सकाळी मी खडूने सिस्टरच्या मागच्या भिंतीवर चौकोन आखून दिला. गवंडी बोलावला होता, पण पहिला घण सिस्टरनीच घातला. आवाज ऐकून शेठचा सुपरवायझर धावत आला. “कोणाला विचारून फोडताय?”

“माझ्या घरात मी कोणाला विचारायचं?” सिस्टरनी घण खाली ठेवलाच नाही. तो दोन पावलं मागे सरला आणि निघून गेला.

वीट पडली तसा दोरीवरचा कपडा हलला. धाकटी मुलगी ओरडली, “आई, वारा!” शेजारी दारात उभे राहून पाहत होते. दिवाळीपर्यंत तळमजल्यावरच्या बहुतेक घरांना जाळ्या लागल्या.

गावातल्या बिल्डरांनी मात्र मला पुढे बरीच वर्षं काम दिलं नाही. भांडखोर बाई, असं माझं नाव झालं. मी घरदुरुस्तीची कामं करत राहिले.

आणि मग एक दिवस शेठचाच फोन आला. गणपतीपुळ्याजवळ त्यांना पर्यटकांसाठी लहान घरं बांधायची होती. “तुझंच डिझाइन करू,” ते गोड आवाजात म्हणाले. “सरकत्या फळ्या, पडवी, सगळं तू म्हणशील तसं. बाहेरची माणसं येणार, त्यांना मोकळं लागतं.”

“आणि सड्यावरच्या माणसांना काय लागत होतं?” मी विचारलं.

“जुनं काय काढून बसलीस?”

मी फोन आपटला. घरं त्यांनी दुसऱ्याकडून बांधून घेतलीच, चांगली हवेशीर. सुट्टीपुरती उघडतात, बाकी बंद असतात.

सड्यावर वरच्या मजल्यावरच्या घरांत भाडेकरू आहेत, मालक मुंबईला. भिंत फोडायला ते परवानगी देत नाहीत. मी त्यांना स्वतः जाऊन भेटले, खर्चाशिवाय काम करून देते म्हटलं. एकाने चहा दिला आणि म्हणाला, “भाडं वेळेवर येतंय की, मग कशाला?” मी चहा तसाच ठेवून उठले.